शिशाचा खिळा

छपाईचा शोध कोणाचा, असं विचारलं की गुटेनबर्गचं नाव येतं. पण सुटी अक्षरं त्याच्या चारशे वर्षं आधी चीनमध्ये बी शेंगने भाजक्या मातीची केली होती. जर्मनीतल्या माइन्झच्या गुटेनबर्गची खरी करामत, मला विचाराल तर, यंत्रात नाही, खिळ्यात, म्हणजे अक्षराच्या सुट्या ठशात आहे. हातात धरायच्या साच्यात वितळलेला धातू ओतायचा की नेमक्या उंचीचा खिळा तयार! नुसतं शिसं मऊ, शिवाय निवताना आकसतं. त्यात कथील आणि अँटिमनी मिसळलं की खिळा टणक होतो, अक्षराची कड रेखीव उतरते. १४५५च्या सुमारास त्याचं बायबल छापून झालं.

१५५६ मध्ये छापखाना गोव्यात उतरला. (निघाला होता इथिओपियाला!) १६१६ साली फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, भाषा मराठी, लिपी रोमन. देवनागरीला काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागत. जुळारी ते खणांतून एकेक उचलून उलटे लावत. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापलं, तेही खिळ्यांनी नव्हे, शिळाछापावर.