अठ्ठेचाळीस तासांचा सांडवा

जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्रीचं हॉस्टेल आठवा. एकाच्या खोलीत दिवा, चौघांच्या हातात चहा, आणि पहाटे चारला कुणीतरी म्हणतं, "अरे, ग्राफ पेपर उरलाय का?" आता कल्पना करा, की कुणीही सक्ती न करता, मार्क मिळणार नसताना, सर रागावणार नसताना काही हजार लोक अशी रात्र स्वतःहून ओढवून घेतात. वेडेपणा वाटतो ना? या वेडेपणालाच 'गेम जॅम' म्हणतात.

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं फारसं पटत नाही. संपादक मंडळाने मराठीत लेख मागितला तेव्हा मी टाळणारच होते. पण हा लेख मराठीतच का लिहायचा याचं एक कारण पुढे आहे. चुका पोटात घाला आणि वाचा!

जॅम म्हणजे नेमकं काय?

पावावरचा जॅम नव्हे आणि पुण्यातला ट्रॅफिक जॅमही नव्हे. संगीतवाले एकत्र बसून आधी काही न ठरवता वाजवतात, त्याला जॅम म्हणतात. तसंच हे. ठरलेल्या वेळी एक विषय, म्हणजे 'थीम', जाहीर होते. त्या क्षणापासून घड्याळ सुरू. बहुतेक ठिकाणी 48 तास, काही ठिकाणी 72, काही ठिकाणी आठवडाभर. तेवढ्यात त्या थीमवर एक व्हिडिओ गेम बनवायचा, अपलोड करायचा, आणि मग सगळ्यांनी एकमेकांचे गेम खेळून मत द्यायचं. बक्षीस बहुतेक वेळा नसतंच.

थीम कधी शब्द असतो, कधी नुसतं चित्र. 2013 च्या 'ग्लोबल गेम जॅम'ची थीम तर हृदयाच्या ठोक्यांचा आवाज होती! बघा, त्यावर काय सुचतंय ते.

हे सुरू झालं 2002 साली. अमेरिकेत ख्रिस हेकर आणि शॉन बॅरेट या दोघांनी काही प्रोग्रामर मित्रांना बोलावलं आणि पडद्यावर एकाच वेळी एक लाख आकृत्या काढू शकेल असं एक इंजिन त्यांच्या हाती दिलं. यावर काय हवं ते करा, एवढंच सांगितलं. त्याचं नाव 'इंडी गेम जॅम'. त्याच वर्षी 'लुडम डेअर' सुरू झाला. त्याचा कडक नियम मला फार आवडतो: एकट्याने, 48 तासांत, कोड-चित्रं-आवाज सगळं त्याच वेळात स्वतः केलेलं. 2009 साली पहिला 'ग्लोबल गेम जॅम' झाला, तेव्हाच 23 देशांत 53 ठिकाणी लोक एकाच वेळी बसले होते.

आता तुम्ही म्हणाल, दोन दिवसांत काय डोंबल होणार? तर फिनलंडच्या आर्वी तेइकारीने 2017 च्या 'नॉर्डिक गेम जॅम'मध्ये एक कोड्यांचा गेम केला. तो वाढवून 2019 मध्ये 'बाबा इज यू' म्हणून बाहेर आला आणि जगभर गाजला. 'सुपरहॉट'ची सुरुवातही 2013 च्या सात दिवसांच्या एका जॅममध्ये झाली. जॅममध्ये पूर्ण झाड होत नाही, पण बी रुजतं की नाही ते कळतं.

आणि हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या स्टुडिओने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' बनवला. तो जॅममधून आलेला नाही, पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांची जिद्द काय असते ते त्यातून कळतं. 2017 मध्ये त्यांनी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी 2020 मध्ये गेम आला, आणि भारतीय कथा, भारतीय वास्तुकला जगाने खेळून पाहिली.

माझे सात फोल्डर

आता स्वतःचं सांगते. माझ्या लॅपटॉपवर 'गेम 1' ते 'गेम 7' असे सात फोल्डर होते. एकही पूर्ण नाही. प्रत्येकात एक माणूस उड्या मारतो आणि पुढे काही नाही. बाबा दर सुट्टीत विचारायचे, "हे गेमबिम करून नोकरी लागणार आहे का?" त्यांचं चूक नव्हतं. दाखवायला हातात एकही पूर्ण गोष्ट नसेल तर मी काय उत्तर देणार? मग मी ठरवलं, एक जॅम करायचा. तोही पूर्ण झाला नाही तर हा नाद सोडून गपचूप ॲप्टिट्यूडची पुस्तकं उघडायची.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत नळदुर्गला घरी होते, तेव्हा एका ऑनलाइन जॅममध्ये नाव घातलं. टीम अशी: मी कोडला, चित्रांना माझा बारावीतला चुलत भाऊ, आणि फोनवर सिव्हिलची माझी एक मैत्रीण. शुक्रवारी रात्री आठला थीम आली. मराठीत सांगायचं तर 'तोल'.

नळदुर्गच्या माणसाला पाणी आणि तोल म्हटलं की दुसरं काय आठवणार? पाणी महाल! ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आमचं गाव. किल्ल्याजवळून बोरी नदी जाते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, किल्ला आणि शेजारचा रणमंडळ यांच्यामध्ये या नदीवर दगडी बंधारा बांधला. बांधणाऱ्याचं नाव मीर महंमद इमादीन असं सांगतात. गंमत म्हणजे या बंधाऱ्याच्या पोटातच महाल आहे. पायऱ्या उतरून आत जायचं. पावसाळ्यात बंधारा भरला की पाणी दोन ठिकाणांहून खाली कोसळतं. त्यांची नावं नर आणि मादी. आपण आत खिडकीपाशी कोरडे उभे, आणि पाणी समोरून खाली!

आजोबांनी गेम मोडला

रात्रभर बसून मी आराखडा केला. नर आणि मादी ही दोन दारं. डाव्या बटणाने एक उघडायचं, उजव्या बटणाने दुसरं, आणि पाण्याची पातळी सांभाळायची. शिवाय आदिलशाही सैनिक, उपळी बुरुजावरची तोफ, एक हत्ती, तीन लेव्हल, आणि गावाच्या नावाशी जोडलेली नळ-दमयंतीची गोष्टसुद्धा. शनिवारी दुपारपर्यंत दारं चालू लागली. मी आजोबांना कौतुकाने दाखवलं.

ते चष्मा सावरत म्हणाले, "अगं बाई, तिथं दारंबिरं कुठं आहेत? पाणी वर आलं की आपलं आपण सांडतंय."

"आजोबा, पण गेममध्ये काहीतरी करायला नको का?"

"जे करायचं ते बांधणाऱ्यानं आधीच केलंय ना! पाऊस आल्यावर काय धावपळ करायची?"

मी चिडले, खरं सांगते. सोळा तास गेले होते. मग मैत्रिणीला फोन लावला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "तुझे आजोबा सिव्हिलचे सर शोभतील. याला बिनदरवाजाचा सांडवा म्हणतात." तिने समजावलं ते असं. बंधाऱ्याच्या भिंतीत एक भाग मुद्दाम कमी उंचीचा ठेवतात. पाणी त्या उंचीपर्यंत साठतं आणि त्यावर चढलं की तिथूनच वाहतं. सांड्यावर पाण्याची उंची जितकी वाढेल, त्याच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात पाणी बाहेर पडतं. म्हणजे उंची चौपट झाली तर प्रवाह आठपट! त्यामुळे पूर वाढला की सांडवा आपोआप जास्त पाणी सोडतो. सगळी हुशारी आहे ती उंची किती ठेवायची यात.

आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. खेळणारा म्हणजे दारं उघडणारा पहारेकरी नव्हे, तो बांधणारा! पावसाआधी त्याने नर आणि मादी या दोन सांडव्यांची उंची ठरवायची. बस. मग पावसाळा सुरू, आणि हात बांधून बघायचं. उंची कमी ठेवली तर सगळं पाणी वाहून जातं आणि उन्हाळ्यात गावची विहीर आटते. जास्त ठेवली तर पाणी भिंतीवरून पायऱ्यांत शिरतं आणि महालातला दिवा विझतो. दिवाही जळता राहावा आणि विहिरीतही पाणी राहावं, हाच तोल.

हत्ती गेला, तोफ गेली, सैनिक गेले, नळ-दमयंतीही गेले. राहिली एक भिंत, दोन सांडवे, पाऊस, विहीर आणि दिवा. कोड एवढा लहान झाला की सगळा एका पडद्यावर मावत होता. संध्याकाळी भावाच्या गाडीवरून किल्ल्यात जाऊन मोबाईलवर पाण्याचा आवाज रेकॉर्ड करून आणला. गेममध्ये तोच आहे, मागे भाऊ शिंकतो त्यासकट.

चौकटी! चौकटी!

रविवारी रात्री आठला मुदत संपणार. त्याआधी शनिवारी रात्री तीन तास लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटांत संपली, मग कंदिलाच्या उजेडात कागदावर चित्रं काढली आणि नंतर त्यांचेच फोटो वापरले. रविवारी संध्याकाळी सातला गेम मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून चढवला. भावाने आपल्या फोनवर उघडला आणि विचारलं, "ताई, ही खोकी कसली?"

जिथे 'नर' आणि 'मादी' लिहिलं होतं तिथे रिकाम्या चौकटी! माझ्या लॅपटॉपवर तर मराठी व्यवस्थित दिसत होतं. काय झालं असेल? मी 'गोडो' हे इंजिन वापरते. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. गेम लॅपटॉपवर चालतो तेव्हा इंजिनला स्वतःच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर मिळालं नाही तर ते संगणकातला फॉन्ट उसना घेतं. पण ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गेमला अशी उसनवारी करता येत नाही. आपला शिधा आपणच बरोबर न्यावा लागतो. मी मराठी फॉन्ट बरोबर दिलाच नव्हता.

भाऊ म्हणाला, "इंग्लिशमध्ये लिही ना, पाच मिनिटांचं काम." खरंच होतं. दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढलेल्या मला तेच सोपं होतं. बोट कीबोर्डवर होतं. पण आमच्या गावचं पाणी, आमच्या गावची नावं, आणि तीच काढून टाकायची? मुंबईच्या 'एक टाइप'वाल्यांनी बनवलेला 'मुक्ता' हा फॉन्ट सगळ्यांना मोफत वापरता येतो. तो उतरवला, प्रोजेक्टमध्ये घातला, पुन्हा बांधणी केली, पुन्हा चढवला. सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी 'नर' आणि 'मादी' पडद्यावर उमटले. इंग्रजी अर्थ खाली बारीक अक्षरांत दिला. हा लेख मराठीत का, ते आता कळलं असेल.

मग नंबर कितवा?

निम्म्याच्याही खाली! एकाने लिहिलं, पहिलाच पावसाळा फार अवघड आहे. बरोबर होतं, मीच तपासलं नव्हतं. पण ब्राझीलच्या एकाने विचारलं, ही जागा खरोखर आहे का? मी किल्ल्याचा फोटो पाठवला. त्या दिवशी मला नंबराचं काही वाटलं नाही.

आजोबांनीही गेम खेळला. त्यांनी दोन्ही सांडवे पार वर नेऊन ठेवले. मी म्हटलं, "आजोबा, पाणी महालात शिरेल!" ते म्हणाले, "शिरू दे. बहात्तरचा दुष्काळ बघितलाय मी. पाणी सोडायला हात धजत नाही." पाणी पायऱ्यांवरून आत आलं, दिवा विझला, आणि ते मनापासून हसले. माझ्या साध्या दोन आकड्यांच्या गेममध्ये त्यांचं आयुष्य आलं होतं. बाबा मागे उभे राहून बघत होते. नोकरीचा प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही. पुढच्या सुट्टीत विचारतीलच! पण आता दाखवायला एक लिंक आहे.

तुम्हाला करायचा असेल तर

1. पहिल्या दोन तासांत जे ठरवाल त्यातलं तीन चतुर्थांश खोडा. उरेल तेही वेळेला जास्तच होईल.
2. पहिल्या रात्री खेळता येईल असं काहीतरी तयार हवं, चित्रं ओबडधोबड असली तरी चालतील.
3. गेम न बनवणाऱ्या माणसाला अर्ध्यातच दाखवा. शक्यतो आजोबांना!
4. मुदतीच्या सहा तास आधी एकदा अपलोड करून दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा. मी नाही बघितलं, तुम्ही बघा.
5. मराठी फॉन्ट बरोबर द्या.
6. झोपा. खरंच झोपा. पहाटे चारला लिहिलेला कोड सकाळी आपल्यालाच ओळख देत नाही.

इंजिनिअरिंगमध्ये आपल्याला सगळं पकडून ठेवायची सवय लागते. सगळा सिलॅबस, सगळी फीचर्स, सगळी स्वप्नं. पण पाणी महाल चारशे वर्षं उभा आहे तो सगळं पाणी अडवून नव्हे, कुठून सोडायचं हे आधी ठरवल्यामुळे. अठ्ठेचाळीस तासांची मुदत हा असाच सांडवा आहे. हत्ती आणि तोफा त्यावरून वाहून गेल्या, म्हणून माझा दिवा जळत राहिला.

'ग्लोबल गेम जॅम' दरवर्षी साधारण जानेवारीच्या शेवटी होतो, आणि त्यासाठी कॉलेजलाही आपली जागा नोंदवता येते. आपल्याकडे लॅब आहे, कँटीनचा चहा आहे, आणि रात्र जागायचा अनुभव तर भरपूर आहे. मग काय, मंडळी, बसायचं का यंदा?