वेबकॅम, मान आणि विमान

९ जून २०२५ला आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुटलं. मग ऑक्टोबरात मुंबईचंही सुरू झालं. तेव्हापासून गावातल्या पोराटोरांचं डोकं आभाळात आहे. त्याआधी जून २०२३मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पडली, तेव्हा एकाच घरात दोन तट झालेले मी पाहिलेत. तो वाद आज नको. आज विषय घरातल्या विमानाचा.

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींची मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला पायलट व्हायचंय. ती संगणकावर विमान उडवते. फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात त्याला. वहिनींची तक्रार अशी, की पोरगी पडद्यासमोर बसून सारखी मान वळवते, अंगात आल्यासारखी! "काकू, तुम्हीच समजवा तिला." समजवायला म्हणून गेले आणि तासभर तिथेच बसून राहिले.

त्या मान वळवण्याला अर्थ आहे, बरं का. पायलट उतरण्याआधी धावपट्टीला समांतर जातो, मग दोन वळणं घेऊन समोर येतो. या सगळ्या वेळात धावपट्टी त्याच्या खांद्याकडे असते, समोर नसतेच. खऱ्या विमानात मान वळवली की दिसते. संगणकावर मात्र पडदा एकच, तोही नाकासमोर. बटणं दाबून बाजूला बघायचं तर हात अडकतात. म्हणून वेबकॅमने चेहरा टिपायचा. मान थोडी डावीकडे गेली की पडद्यावरची नजर डावीकडच्या खिडकीत जाते. मान वीसेक अंश वळली तर चित्र शंभर अंश वळवायचं, असं प्रमाण ठरवता येतं. त्यामुळे डोळे पडद्यावरच राहतात.

यासाठी पूर्वी इन्फ्रारेड कॅमेरा आणि टोपीला लावायचे चमकते ठिपके असं महागडं सामान लागायचं. आता 'ओपनट्रॅक' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यातला 'न्यूरलनेट' हा पर्याय साध्या वेबकॅमवरून चेहऱ्याचा अंदाज घेतो. 'फ्लाइटगिअर' हा सिम्युलेटरही फुकट मिळतो. म्हणजे घरात संगणक असेल तर वरखर्च फारसा नाही.

वहिनींच्या घरी सगळं बसवलेलं होतं, पण चित्र थरथरत होतं. बघून मलाच मळमळायला लागलं. मुलगी म्हणे, नवा कॅमेरा घ्यावा लागेल. वहिनींचा चेहरा पडला. पण खोली बघितली तर तिच्या पाठीमागे खिडकी, समोर अंधार. अहो, अशा जागी फोटो तरी नीट येतो का? चेहराच काळा पडला तर कॅमेऱ्याने काय टिपायचं! अंधारात कॅमेरा आपोआप प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो, सेकंदाला तीसऐवजी पंधराच चित्रं देतो, आणि हालचाल झटक्याने होते. टेबल फिरवलं, दिवा पडद्याच्या मागून चेहऱ्यावर येईल असा ठेवला. निम्मं थरथरणं तिथेच थांबलं.

मग तिने सेटिंग उघडली. कॅमेऱ्यात विजेची फ्रिक्वेन्सी निवडायची सोय असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, पण तिचा कॅमेरा ६०वर होता, म्हणून ट्यूबच्या उजेडाच्या पट्ट्या दिसत होत्या. ते बदललं. कॅमेरा टेबलाच्या कोपऱ्यातून उचलून पडद्याच्या वर मधोमध लावला. चष्म्यावर दिव्याची तिरीप येत होती, तीही दिवा सरकवून घालवली.

उरलेलं काम सॉफ्टवेअरचं. त्यात 'फिल्टर' असतो, तो बारीक थरथर गाळतो. पण फार गाळलं की चित्र उशिरा वळतं, मान आधी गेली आणि खिडकी मागून आली असं होतं. कमी गाळलं तर पुन्हा थरथर. पिठलं घट्ट की पातळ, तसं ज्याचं त्याने ठरवायचं. शिवाय मधोमध थोडी जागा 'मृत' ठेवायची, म्हणजे समोर बघताना श्वासाबरोबर चित्र डुलत नाही. आणि चित्र सरळ करायचं एक बटण हाताशी हवंच, कारण माणूस खुर्चीत कधी ना कधी घसरतो.

आता आईला काय सांगायचं? स्पष्टच सांगते. या घरच्या उड्डाणाचा एक तासही लायसन्समध्ये धरत नाहीत. व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हवं, कडक वैद्यकीय तपासणी आणि २०० तासांचं खरं उड्डाण हवं. खर्च काही लाखांत नाही, काही दहा लाखांत जातो. हे वहिनींना कळल्यावर त्या गप्प झाल्या. पण मुलीला ते आधीपासूनच माहीत होतं. शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज यांची माहिती तिने वहीत लिहून ठेवली होती. ज्या पोरीने खर्चाचा हिशोब स्वतः मांडलाय, तिला "खेळ बंद कर" म्हणणं मला तरी जमलं नाही. भारतात पायलटांमध्ये साधारण १५ टक्के बायका आहेत, जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे. आणि आपल्या सौदामिनी देशमुख यांनी १९८०च्या दशकातच इंडियन एअरलाइन्सचं फक्त महिला चमू असलेलं विमान नेलं होतं. अट एकच घातली: अर्ध्या तासाने उठायचं, मान मोकळी करायची, आणि परीक्षा संपेपर्यंत विमान रविवारीच.

जाता जाता माझ्या कामातली एक गोष्ट. हात न चालणाऱ्या माणसांसाठी वेबकॅमवर चालणारा 'कॅमेरा माउस' आहे, अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजात तयार झालेला, मोफत. डोकं हलवून पडद्यावरचा बाण हलवता येतो. बाण एका जागी थोडा वेळ थांबला की क्लिक होतं. त्यालाही समोरून उजेड आणि नीट लावलेला कॅमेरा लागतो. तुमच्या गल्लीत असं कुणी असेल तर विमान उडवणाऱ्या पोरांना एक रविवार तिकडे पाठवा. बसवून द्यायला त्यांना फार वेळ लागत नाही.