शिडाच्या बोटीवरची गॅसची शेगडी

घरात गॅसचा वास आला की आपण दारं-खिडक्या उघडतो. गॅस जमिनीलगत सरकत उंबरठ्याबाहेर पडतो आणि थोड्या वेळानं वास जातो. शिडाच्या बोटीला असा उंबरठा नसतो. बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारं मोठं पातेलंच. जे हवेपेक्षा जड, ते या पातेल्याच्या बुडाशी जाऊन बसतं. बोटीवर गॅस वापरण्याचे जवळपास सगळे नियम या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो, ब्युटेन दुपटीच्या आसपास. भारतात आपल्याला मिळणाऱ्या सिलिंडरमध्ये या दोघांचं मिश्रण असतं. गळालेला गॅस फळ्यांच्या फटींतून खाली उतरतो आणि बिल्जमध्ये, म्हणजे केबिनच्या जमिनीखालच्या पोकळीत, साचतो. बिल्जमधलं पाणी उपसणारा विजेचा पंप तिथंच असतो, बॅटऱ्या आणि इंजिनही बहुधा त्याच्या शेजारी. ठिणगी पडायची सोय आधीपासूनच खाली असते.

हवेत साधारण 2 ते 9 टक्के गॅस मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. सिलिंडरमधल्या एक लिटर द्रवाचा, म्हणजे जेमतेम अर्धा किलो गॅसचा, अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो. बेताच्या बोटीची अख्खी केबिन स्फोटक व्हायला तेवढा पुरे.

गॅसला वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. पण आपलं नाक असतं केबिनमध्ये आणि गॅस असतो फळ्यांखाली, डिझेल आणि साचलेल्या पाण्याच्या वासात. शिवाय एकच वास सतत येत राहिला की नाक त्याला सरावतं. म्हणून बोटीवर नाकावर विसंबून चालत नाही.

आता सिलिंडरपासून सुरुवात करू आणि गॅस ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं शेगडीपर्यंत जाऊ.

सिलिंडर केबिनमध्ये कधीच ठेवू नये. त्याचा कप्पा वेगळा असतो, आणि बहुतेक बोटींत तो कॉकपिटजवळ, म्हणजे सुकाणू धरून बसण्याच्या जागेजवळ, असतो. त्याचं झाकण वरून उघडतं. आतल्या बाजूनं तो केबिनपासून पूर्ण बंद असावा लागतो. पाइप आणि तारा जिथून आत जातात ती भोकंही हवाबंद हवीत. सिलिंडर उभा आणि पट्ट्यानं घट्ट बांधलेला हवा, कारण आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रवच नळीत उतरू शकतो. रिकामा सिलिंडरही याच कप्प्यात ठेवावा. आपण त्याला रिकामा म्हणतो, पण थोडा गॅस त्यात उरलेलाच असतो.

कप्प्याच्या अगदी तळाशी निचऱ्याची नळी असते. ती थेट बोटीबाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर उघडते. कप्प्यात गळती झालीच, तर जड गॅस या वाटेनं समुद्रावर निघून जावा यासाठी ती असते. तिचं बाहेरचं तोंड खिडकी, झरोका किंवा इंजिनच्या हवेच्या वाटेपासून किमान अर्धा मीटर दूर हवं. नाहीतर बाहेर गेलेला गॅस पुन्हा आत येतो.

सगळ्यात जास्त हेळसांड याच नळीची होते. कप्पा मोठा दिसतो, म्हणून त्यात दोरखंड, बादली, जुनी फडकी ठेवली जातात. मांडवीत नांगरलेल्या एका बोटीवर मी शेगडी तपासायला बसलो होतो, तेव्हा निचऱ्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चिकटून बसलेली सापडली. गळती नव्हती, म्हणून ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दुसरी चूक याहून अवघड. नळी मध्येच झोळीसारखी लोंबलेली असते, त्या झोळीत पाणी साठतं आणि पाण्यामागे गॅस अडतो. तपासणी सोपी आहे: कप्प्यात बादलीभर पाणी ओतावं आणि ते सगळंच्या सगळं बाहेर पडतंय का, ते पाहावं. नळीला वरून खाली सलग उतार आहे, हे हात फिरवून खात्री करावी.

यानंतर येतो रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधला जोराचा दाब शेगडीला झेपेल इतका कमी करणारा भाग. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरच्या तोंडात एक छोटी रबरी कडी असते. ती नसली, फाटली किंवा कडक झाली, तर रेग्युलेटर नीट बसूनही गॅस झिरपतो. सिलिंडर बदलताना दर वेळी ती पाहावी. समुद्राच्या खाऱ्या हवेत रेग्युलेटर घरापेक्षा फार लवकर गंजतो. गंजाचे पापुद्रे दिसू लागले की तो बदलून टाकावा.

याच कप्प्यात सोलेनॉइड झडप बसवतात. वीज असेपर्यंतच ही झडप उघडी राहते. वीज गेली की आपोआप बंद होते. तिचं बटण शेगडीजवळ पण आगीपलीकडे हात न घालता पोहोचेल अशा जागी असावं. रोजच्या वापराची सवय अशी लावावी: स्वयंपाक संपत आला की आधी हे बटण बंद करायचं, नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, आणि मग शेगडीची कळ फिरवायची. म्हणजे केबिनमधल्या नळीत गॅस भरून राहत नाही. बोट सोडून किनाऱ्यावर जाताना सिलिंडरही हातानं बंद करावा.

कप्प्यापासून शेगडीपर्यंतची नळी अखंड हवी. फळ्यांमागे, जिथे हात पोहोचत नाही तिथे, एकही जोड नको. भिंतीतून जाते तिथे रबराचं अस्तर हवं, नाहीतर बोटीच्या सततच्या हालचालीनं धातू घासून नळी झिजते. शेगडी गिंबलवर, म्हणजे झुलत्या बैठकीवर, टांगलेली असते. बोट कितीही कलली तरी भांडं सपाट राहावं, ही त्यामागची युक्ती. पण शेगडी झुलते म्हणजे तिच्या मागची लवचीक नळीही दर लाटेला वाकते. शेगडी दोन्ही बाजूंना पूर्ण झुलवून पाहावी: नळी ताणते का, कुठे चिमटते का, मागच्या पत्र्याला घासते का? मला तरी सगळ्यात जास्त भीती या हातभर नळीचीच वाटते. घरच्या नारिंगी सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं धरतात. बोटीवर तेवढी वाट पाहू नये.

शेगडीच्या प्रत्येक बर्नरला ज्योत-रक्षक आहे ना, तेही पाहून घ्यावं. ज्योतीत बुडालेली एक बारीक कांडी तापलेली असेपर्यंतच गॅस सोडते. वाऱ्याच्या झोतानं ज्योत विझली की कांडी थंड होते आणि काही सेकंदांत गॅस थांबतो. घरच्या बहुतेक शेगड्यांना ही सोय नसते, म्हणून घरची जुनी शेगडी उचलून बोटीवर बसवण्याचा मोह टाळावा.

आता गळती शोधण्याकडे वळू. सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये बसवलेला दाबमापक. घरच्या जोडणीत तो नसतो. बोटीसाठी जाणकार माणसाकडून बसवून घ्यावा लागतो. शेगडीच्या सगळ्या कळा बंद ठेवून सिलिंडर आणि सोलेनॉइड उघडावेत. काटा स्थिर झाला की आकडा लिहून ठेवावा आणि सिलिंडर बंद करावा. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावं. काटा जागचा हलला नसेल तर ठीक. तो खाली आला असेल, तर कुठून तरी गॅस जातोय.

कुठून, हेही काटाच सांगतो. हीच तपासणी सोलेनॉइड बंद ठेवून करावी. तरीही काटा उतरला, तर गळती कप्प्यातच आहे. सोलेनॉइड उघडी असतानाच उतरत असेल, तर ती पुढे, केबिनमधल्या नळीत किंवा शेगडीत आहे. तपासणी शक्यतो सकाळी, ऊन चढायच्या आत करावी, कारण तापमान बदललं की काटाही थोडा सरकतो. आणि या काट्यावरून गॅस किती उरला ते कळत नाही. शेवटचा द्रव संपेपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो. अनेकांची इथे फसगत होते.

दर पंधरा दिवसांनी, आणि सिलिंडर बदलल्यावर प्रत्येक वेळी, ही तपासणी करावी. नेमका जोड शोधायला साबणाचा फेस लावावा. फक्त अमोनिया असलेला साबण नको. त्यानं पितळेला चिरा जातात. काडी पेटवून गळती शोधायची नाही, हे माहीत असूनही लोक तसं करतात, म्हणून लिहितो.

गॅस-सूचक यंत्र, म्हणजे गॅस जाणवला की भोंगा वाजवणारं उपकरण, याच्या जोडीला हवं. त्याचा संवेदक खाली, शेगडीच्या पायथ्याशी आणि बिल्जमध्ये बसवावा, पण पाण्याचे शिंतोडे लागणार नाहीत इतका वर. पाण्यात एकदा बुडाला की त्याच्यावर विश्वास टाकू नये. खारी हवा आणि सिलिकॉनच्या वाफा त्याला हळूहळू बधिर करतात. महिन्यातून एकदा न पेटवलेल्या लायटरचा गॅस त्याच्यापाशी सोडून भोंगा वाजतो का, ते पाहावं.

पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या पुष्कळ बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्या महिन्यांत कुंभारमाशी बर्नरच्या हवेच्या नळीत मातीचं घर बांधते. मग ज्योत निळीऐवजी पिवळी, काजळी धरणारी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या विषारी वायूला वास नसतो आणि वरचं यंत्र त्याची सूचना देत नाही. त्याचं यंत्र वेगळं असतं. शेगडी पेटलेली असताना एक झरोका उघडा ठेवावा, आणि ऊब घेण्यासाठी तर ती कधीच पेटवू नये.

भोंगा वाजला किंवा वास आला, तर ज्योत असेल ती विझवावी आणि सिलिंडर हातानं बंद करावा. सगळ्यांना डेकवर पाठवावं आणि झाकणं, झरोके उघडावेत. आत कुठलंही बटण दाबू नये, चालू करण्यासाठी नाही आणि बंद करण्यासाठीही नाही. इंजिन, पंखा, विजेचा पंप, मोबाइल, कशालाही हात लावू नये. हातानं चालवायचा बिल्ज पंप कॉकपिटमध्ये असेल, तर तो चालवत राहावा. तळातलं पाणी उपसणारा पंप तळातला गॅसही ओढून बाहेर टाकतो. वास पूर्ण गेल्यावरही शेगडी पेटवायची घाई नको. आधी गळती सापडावी, दुरुस्त व्हावी, आणि मग दाबमापकाचा काटा पुन्हा पंधरा मिनिटं जागच्या जागी राहावा.