पापणी उतरली म्हणजे नेमकं काय उतरलं?

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेत दिवसभर मांडवाकडे मान वर करून काम करणारी पन्नाशीतली व्यक्ती संध्याकाळी कपाळ दुखतं म्हणून गोळी घेते. कधी कधी त्याचं मूळ पापणीत असतं. वरच्या पापणीची सैल कातडी डोळ्यावर उतरली, की आपण नकळत भुवया उचलून पाहतो आणि कपाळाचा स्नायू दिवसभर ताणलेला राहतो. म्हणून ‘पापणीची शस्त्रक्रिया ही नटनट्यांची हौस’ हे काही पूर्ण खरं नाही.

जास्त महागात पडतो तो दुसरा समज: पापणी खाली आली म्हणजे कातडी कापली की झालं. कधी कातडी सैल झालेली असते, कधी पापणी उचलणारा स्नायू कमजोर असतो, तर कधी भुवईच खाली सरकलेली असते. तिन्हींचे इलाज निराळे. सकाळी ठीक आणि संध्याकाळी जास्त उतरणारी पापणी स्नायूंच्या आजाराची खूण असू शकते. एकच पापणी अचानक पडली, सोबत एकाचे दोन दिसू लागले, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

‘व्रण दिसेल’ ही भीती बहुतेकदा अनाठायी. वरच्या पापणीचा छेद तिच्या नैसर्गिक घडीत लपतो. खालच्या पिशव्या म्हणजे पुढे आलेली चरबी. ती अनेकदा पापणीच्या आतल्या बाजूने काढता येते. काळी वर्तुळं मात्र रंगद्रव्यामुळे असतील तर या शस्त्रक्रियेने जात नाहीत.

वरच्या पापणीसाठी बहुधा जागेवरची भूल पुरते. टाके साधारण 5 ते 7 दिवसांनी निघतात. पण ‘टाके निघाले, आता लग्नाला जायला मोकळे’ असं नसतं. सूज आणि काळेनिळेपणा ओसरायला दोन आठवडे लागू शकतात, व्रण फिका व्हायला काही महिने. धूळ आणि औषधफवारणीपासून डोळे जपावे लागतात, म्हणून ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर तारीख घेऊ नये.

विम्याचंही आधीच विचारा. केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. पापणीमुळे नजर झाकली जात असेल, तर दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा अहवाल दाव्याला आधार देऊ शकतो.

डॉक्टर निवडताना जाहिरातीपेक्षा पदवी पाहा: प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच., किंवा पापण्यांच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ. नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, थायरॉइड, डोळ्यांचा कोरडेपणा हे सगळं त्यांना सांगा. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

‘डोळ्याला तर हात लावत नाहीत, मग धोका कसला?’ असं विचारणारेही भेटतात. धोका दुर्मीळ, पण खरा आहे: डोळ्यामागे रक्तस्राव होऊ शकतो. पहिल्या 24 तासांत तीव्र वेदना झाल्या, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा दिसणं अंधुक झालं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा.