गावाच्या नावातली रेल्वे

अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्यात धूळघाट नावाची दोन गावे आहेत. एक धूळघाट रोड, दुसरे धूळघाट रेल्वे. रोडचा रस्ता चालू आहे. रेल्वेची गाडी मात्र 2017 च्या आरंभी थांबली, ती थांबलीच.

आम्हां जालनेकरांचे या गावाशी मीटरगेजचे नाते. जालन्यावरून जाणारा मनमाड–सिकंदराबाद मार्ग निजामकाळातला. त्यावरच्या पूर्णेहून निघालेला फाटा हिंगोली, अकोला, अकोट करीत मेळघाटातून खांडव्याला जाई. स्वातंत्र्यानंतर तो पुरा झाला आणि दक्षिणेतले मीटरगेज राजस्थानाशी जोडले गेले. काचीगुडा–जयपूर गाडी याच जंगलातून धावत असे.

मीटरगेजच्या दोन रुळांत अंतर एक मीटर, ब्रॉडगेजच्या रुळांत 1.676 मीटर. माप अरुंद असले की वळण अधिक आखूड घेता येते. सातपुड्याचा चढ चढण्यासाठी धूळघाटाजवळ रूळ मोठा वळसा घेत आणि पुलावरून स्वतःलाच ओलांडून पुढे जात.

ज्या मापामुळे इथे स्थानक झाले, तेच माप पुढे मुळावर आले. 1990 च्या दशकात जालन्याचा मार्ग रुंद झाला, तेव्हा बदनापूर, परतूर ही स्थानके टिकली, कारण जमीन सपाट होती. मेळघाटात तसा वळसा नव्या मापाला झेपणारा नव्हता. शिवाय जुन्या मार्गाचा सुमारे 38 किलोमीटरचा भाग व्याघ्र प्रकल्पातला. दिवसाकाठी मोजक्या संथ गाड्या जंगलाने सोसल्या होत्या. ब्रॉडगेजवर गाड्यांची संख्या आणि वेग दोन्ही वाढणार. वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले, राज्य सरकारनेही सोनाळा, जामोदकडून जंगलाबाहेरचा मार्ग मागितला.

वाघासाठी रूळ वळवावेत, हे मला पटते. पण बाहेरचा मार्ग बाहेरच्या गावांना गाडी देतो. धूळघाटच्या कोरकू माणसाला अकोल्याच्या दवाखान्यात किंवा बाजारात नेणारी गाडी गेली, तिचा बदला त्या मार्गात नाही. जंगल सगळ्यांसाठी राखले. त्याची किंमत मात्र जंगलातल्यांनीच मोजली. स्थानक बंद करताना त्या गावाची पर्यायी वाहतूक निर्णयाचाच भाग असायला हवी, नंतरची मेहेरबानी नव्हे.

तूर्त रेल्वे उरली आहे ती गावाच्या नावात.