रूळ सर्वांचे, इंजिन कंपनीचे

खुले मानक आणि मुक्त स्रोत हे शब्द आपल्या धोरणचर्चेत अनेकदा समानार्थी म्हणून वापरले जातात. वस्तुतः ते भिन्न आहेत. माहिती कोणत्या आराखड्यात साठवावी याचा सर्वांना उपलब्ध असलेला नियम म्हणजे खुले मानक. सॉफ्टवेअरचा कोडच सर्वांच्या हाती देणे म्हणजे मुक्त स्रोत. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर, पहिल्यात रुळांमधील अंतर जाहीर होते, दुसऱ्यात इंजिनाचे नकाशे.

कंपन्यांचा कल पहिल्याकडे का, हे यातून उमगते. कोड ही त्यांची मिळकत. ती हातची न घालवता सरकारची खुलेपणाची अट मानकाद्वारे पुरी करता येते. २००५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी दस्तऐवजांसाठी ओडीएफ हा आराखडा निवडला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने आपला ओओएक्सएमएल आराखडा एक्मा या संस्थेमार्फत मानक म्हणून पुढे आणला. ऑफिसचा कोड मात्र बंदच राहिला. सुमारे ६,००० पानांच्या त्या मसुद्याविरुद्ध भारतीय मानक ब्यूरोने २००७ मध्ये मत दिले आणि २००८ मध्येही ते कायम ठेवले. तरीही तो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून संमत झाला.

कंपनीच्या या पसंतीत गैर काही नाही. इंजिन कोणाचेही असो, रूळ एक असले की गाडी पुढे जाते. याची किंमत आपण मोजलेली आहे. डलहौसीच्या काळात ब्रॉडगेज ठरले असताना १८७० मध्ये मेयोच्या सरकारने काटकसरीसाठी मीटरगेज स्वीकारले. पुढे जंक्शनाजंक्शनांवर माल उतरवून पुन्हा चढवला जाऊ लागला. देशभर एकच गेज करण्याचा निर्णय व्हायला १९९२ साल उजाडले. संगणकावरही हेच घडते. जुन्या फाँटमध्ये टंकलेले शासकीय आदेश दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडताना मी सेवेत असताना पाहिले आहेत.

प्रश्न आहे तो मानक खरोखर खुले आहे का, हा. केंद्राच्या २०१० च्या धोरणाने त्याच्या कसोट्या घातल्या आहेत: मानक स्वामित्वशुल्कमुक्त असावे, त्याची देखभाल ना-नफा संस्थेने करावी आणि तिच्या प्रक्रियेत सर्वांना सहभागी होता यावे. एकाच कंपनीच्या सोयीने लिहिलेले मानक या कसोट्यांवर घासूनच घ्यायला हवे. २०१५ च्या धोरणाने मुक्त स्रोताला प्राधान्य दिले, ते योग्यच. पण कोड उद्या बदलता येतो, साठवलेले दस्तऐवज पिढ्यान्‌पिढ्या उरतात. म्हणून निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याने आधी एवढेच विचारावे: पुरवठादार बदलला, तर सातबारा आणि निवृत्तिवेतनाचा आदेश उघडेल ना?