सरासरीवर किती विश्वास ठेवावा?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या रेणापुरात तालुक्याच्या स्पर्धेसाठी मुलांचा क्रिकेट संघ निवडायचा होता. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. 'सरांना आकडेमोड चांगली जमते' म्हणून निवडीचे काम माझ्याकडे आले. सरावाचे तीन सामने झाले. त्यांत एका मुलाने ०, ५ आणि १ अशा धावा केल्या. सरासरी २! मी त्याचे नाव वगळले. यादी पाहून तो एवढेच म्हणाला, "सर, तीनच डावांवर ठरवलं का?"

मी हसून वेळ मारून नेली. मात्र त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा त्याचा प्रश्न किती खोल आहे हे ध्यानात आले. हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर जगभर विचारला जातो. अमेरिकेत कूपर्सटाउन या गावी बेसबॉलचे 'हॉल ऑफ फेम', म्हणजे कीर्तिदालन आहे. तिथे १९३६ पासून थोर खेळाडूंची निवड होते. निवृत्त खेळाडूचे नाव क्रीडापत्रकारांच्या मतदानातून निवडले जायचे, तर त्याला ७५ टक्के मते पडावी लागतात. क्रिकेटचे असे कीर्तिदालन आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ मध्ये सुरू केले. पहिल्याच यादीत बिशनसिंग बेदी, सुनील गावसकर आणि कपिल देव ही भारतीय नावे होती. २०१९ मध्ये सचिन तेंडुलकरचा त्यात समावेश झाला.

थोर कोण, हे ठरवताना आपण विक्रमांचे आकडे पाहतो. पण आकड्यांत खेळाडूची कुवत किती आणि नशीब किती, हे कसे ओळखावे?

डब्यातील फलंदाज

अमेरिकेत बेसबॉलचे काही शौकीन एक गमतीचा खेळ खेळतात. त्यांचे खेळाडू खरे नसतात, संगणकातले असतात. प्रत्येक खेळाडूची कुवत आकड्यांच्या रूपात संगणकाला दिलेली असते आणि प्रत्येक चेंडूचा निकाल संगणक जणू फासे टाकून ठरवतो. असे हंगामामागून हंगाम खेळले जातात. काल्पनिक खेळाडू 'निवृत्त' होतात आणि त्यांच्यातून कीर्तिदालनासाठी निवडही होते! शास्त्राच्या दृष्टीने या खेळाचे मोल असे, की खऱ्या खेळाडूची कुवत कोणालाच नेमकी ठाऊक नसते. इथे मात्र ती लिहूनच ठेवलेली असते. म्हणून आकडे कितपत खरे बोलतात, हे इथे तपासून पाहता येते.

यासाठी संगणकच हवा असे नाही. वर्गात मागच्या बाकावर बसून तुम्ही पुस्तकातले क्रिकेट खेळला असालच. पुस्तक उघडायचे आणि डावीकडच्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहायचा. डावीकडचा क्रमांक नेहमी सम असतो, म्हणून अंक ०, २, ४, ६ किंवा ८ यांपैकीच येतो. ० आला की बाद. २, ४, ६ आले की तितक्या धावा. ८ आला की चेंडू कोरा. एक अडचण आहे. वापरलेले पुस्तक बांधणी सैल झालेल्या जागीच पुन्हा पुन्हा उघडते. त्यामुळे प्रयोगासाठी पाच सारख्या चिठ्ठ्यांवर हे अंक लिहा, त्या डब्यात टाका, डबा हलवा आणि न पाहता एक चिठ्ठी काढा. अंक टिपून घेतला की चिठ्ठी परत डब्यात टाकायला विसरू नका.

या 'फलंदाजा'ची खरी कुवत आपल्याला काढता येते. पाचांपैकी एक चिठ्ठी बादची आहे. म्हणजे बाद होण्यापूर्वी तो सरासरीने ४ चेंडू खेळतो. त्या चेंडूंवर मिळणाऱ्या धावांची सरासरी (२ + ४ + ६ + ०) ÷ ४ = ३. म्हणून एका डावाची सरासरी ४ × ३ = १२ धावा.

आता समजा, वर्गातील ४० विद्यार्थी अशाच डब्यांतून प्रत्येकी २५ डाव खेळले. सर्वांची कुवत तंतोतंत सारखी, १२. तरीही सर्वांची सरासरी १२ येणार नाही. गणित सांगते की वर्गात पहिल्या येणाऱ्याची सरासरी १८ च्या आसपास असेल आणि शेवटच्याची ६-७ च्या घरात! एकाची सरासरी दुसऱ्याच्या अडीचपट, आणि दोघांत फरक काहीच नाही. या एक हजार डावांत २० चेंडू किंवा त्याहून जास्त वेळ टिकलेले डावही अकरा-बारा निघतील. अशा डावांत धावा सरासरीने ६० किंवा त्याहून जास्त होतात. ते पाहून आपण म्हणू, "काय खेळला!" प्रत्यक्षात ती चिठ्ठ्यांची किमया असते.

वर्गमुळाचा नियम

असे का होते? फलंदाजी हा मोठ्या चढउतारांचा खेळ आहे. एका चुकीने डाव संपतो. एका डावातील धावा सरासरीच्या किती मागेपुढे होतात, याच्या मापाला 'प्रमाण विचलन' म्हणतात. आपल्या डब्यातील फलंदाजाचे हे माप सुमारे १४ आहे, म्हणजे सरासरीइतकेच किंवा थोडे जास्त. मैदानावरच्या फलंदाजांचेही ते ढोबळमानाने त्यांच्या सरासरीएवढेच असते.

डाव वाढत जातात तसे हे चढउतार एकमेकांना खोडून काढतात, पण सावकाश, डावांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यावरून एक सोपे सूत्र मिळते:

संशयाची मर्यादा = सरासरी ÷ (जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येचे वर्गमूळ)

खरी कुवत ढोबळमानाने तीन वेळांपैकी दोन वेळा या मर्यादेच्या आत असते, आणि मर्यादेच्या दुप्पट अंतरात जवळजवळ नेहमीच. मर्यादा निम्मी करायची तर डाव चौपट लागतात. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तनकाल पुन्हा पुन्हा मोजायला सांगतात, त्यामागे हाच नियम आहे.

दोन मित्र, दोन सरासऱ्या

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. पुढे दोघेही भारताकडून खेळले. कसोटीत कांबळीची सरासरी ५४.२० आणि तेंडुलकरची ५३.७८. कांबळीची जास्त! मग कांबळी सरस म्हणायचा का?

सूत्र लावून पाहू.

तेंडुलकर: बाद २९६ वेळा, सरासरी ५३.७८, मर्यादा अधिक-उणे ३.
कांबळी: बाद २० वेळा, सरासरी ५४.२०, मर्यादा अधिक-उणे १२.
ब्रॅडमन: बाद ७० वेळा, सरासरी ९९.९४, मर्यादा अधिक-उणे १२.

तेंडुलकरची कुवत पन्नाशीच्या वर-खाली होती, हे आपण खात्रीने म्हणू शकतो. कांबळीची ४२ असेल किंवा ६६ असेल. १७ कसोट्यांवरून ते सांगता येत नाही. सूत्र त्याला लहान ठरवत नाही, हे लक्षात घ्या. 'पुरावा अपुरा' एवढेच ते म्हणते. उलट ब्रॅडमनच्या सरासरीतून मर्यादेची दुप्पट वजा केली तरी ७६ उरतात. कसोटीत पाच हजार धावा केलेल्या दुसऱ्या कोणाचीही सरासरी ६० च्या वर नाही. म्हणूनच ब्रॅडमनच्या नावावर कोणी वाद घालत नाही.

ज्यांना डावच मिळाले नाहीत

विजय मर्चंट यांनी १९३३ ते १९५१ या काळात फक्त १० कसोट्या खेळल्या. सरासरी ४७.७२, बाद १८ वेळा, मर्यादा ११. यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या ऐन उमेदीत महायुद्ध आले आणि १९३६ नंतर थेट १९४६ पर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही. मात्र त्यांच्याबद्दल दुसरा पुरावा आहे. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४ आहे आणि ते १८८ वेळा बाद झाले. इथे मर्यादा फक्त ५.

अर्थात नशिबाची शंका फिटली तरी दुसरी शंका उरते. त्या काळच्या आपल्या खेळपट्ट्यांवर धावांचा पाऊस पडत असे. मग तुलना कशी करावी? त्याच काळातल्या, त्याच मैदानांवरच्या फलंदाजाशी. सांगलीचे विजय हजारे मर्चंट यांचे समकालीन. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेत अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या, तर हजारे यांनी आपल्या संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्याने केल्या. अशा हजाऱ्यांची प्रथम श्रेणीतील सरासरी ५८.३८ आहे. मर्चंट यांचे ७१.६४ किती मोठे आहे, ते आता कळते.

पद्माकर शिवलकर यांची गोष्ट आणखी वेगळी. मुंबईच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने प्रथम श्रेणीत १९.६९ च्या सरासरीने ५८९ बळी घेतले. पण त्याच काळात भारतीय संघात बेदी होते, आणि शिवलकरांना एकही कसोटी मिळाली नाही. कसोटीच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे काहीच नाही. 'काहीच नाही' आणि 'शून्य' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शून्य हे मोजमाप आहे. इथे मोजमाप झालेलेच नाही.

एक प्रयोग

दुसऱ्या डब्यात पाच चिठ्ठ्यांखेरीज ४ ची आणखी एक चिठ्ठी टाका. या फलंदाजाची खरी सरासरी १६ होते. कशी, ते तुम्हीच काढा. आता १२ चा आणि १६ चा फलंदाज यांची स्पर्धा लावा. तीन-तीन डाव खेळवले तर कमी कुवतीचा फलंदाज साधारण पाचांपैकी दोन वेळा पुढे राहील. २५-२५ डावांत पाचांतून एकदा. १००-१०० डावांत पंचवीसांतून एखाद्या वेळी. वर्ग वाटून घेतला तर एका तासात पुष्कळ डाव होतात. शिक्षकांनी हा तास जरूर घ्यावा.

आता त्या मुलाकडे वळू. तीनदा बाद झालेल्या फलंदाजाच्या सरासरीतील संशयाची मर्यादा त्या सरासरीच्या निम्म्याहूनही जास्त असते. तीन डावांवरून मी जे ठरवले, ते नाणे उडवून ठरवण्यापेक्षा फारसे बरे नव्हते. त्याचा प्रश्न बरोबर होता. चूक माझी होती. पुढच्या वर्षी मी मुलांना महिनाभर नेटमध्ये खेळताना पाहिले, प्रत्येकाला जास्त डाव दिले आणि मगच यादी केली. तोवर तो मुलगा दहावी होऊन लातूरला शिकायला गेला होता.

तेव्हा मित्रहो, कोणी तुम्हाला एखादी सरासरी सांगितली, मग ती फलंदाजाची असो, परीक्षेच्या गुणांची असो की पावसाची, तर लगेच विचारा: "किती वेळा मोजून काढली?"